नुसतं बोलून आजार बरा होतो का?

करोल बागेतल्या मराठी घरांत डिप्रेशनचा विषय दोन दारांनी आत येतो.

एक दार गलाईवाल्यांचं. सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली कुटुंबं देशभर पांगली, त्यांतली बरीच इथे सराफी गल्ल्यांच्या आसपास राहतात. अशा घरातली एखादी बाई म्हणते, "डोकं जड असतं, हातापायांत जीव नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका." दुसरं दार यूपीएससीच्या मुलांचं. करोल बागेला लागूनच जुनं राजेंद्र नगर. महाराष्ट्रातल्या गावागावांतून आलेली मुलं तिथे एका पलंगाच्या खोलीत वर्षं काढतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो: "पुस्तक उघडून बसतो, पण तासाभरानं बघावं तर पान तेच. मी आळशी झालोय का?"

समुपदेशनाचं नाव काढलं की दोन्ही घरांत एकच शंका येते. नुसतं बोलून आजार कसा बरा होईल? आणि बोलायचंच असेल तर मैत्रिणीशी, भावाशी बोललं की झालं, त्यासाठी बाहेरचं माणूस कशाला?

शंका अगदी रास्त आहे. एका मानसोपचारतज्ज्ञाने आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं हीच शंका तपासण्यात घालवली, तीही महाराष्ट्राच्या शेजारी, गोव्यात. त्यांचं नाव डॉ. विक्रम पटेल. त्यांच्या कामाकडे वळण्याआधी आजार कशाला म्हणायचं ते ठरवून घेऊ.

१. दुःख, आळस आणि आजार

घरात कोणी गेलं, परीक्षा हुकली, धंद्यात खोट आली की मन खचतं. तो आजार नव्हे. पण आठवड्यामागून आठवडे जातात, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींचीही चव जाते. झोप मोडते किंवा अतोनात येते, भूक बिघडते, अंग शिणतं, स्वतःवरचा विश्वास उडतो. तेव्हा डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात, म्हणजेच डिप्रेशन.

ते मोजायला जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली आहे. तिचं नाव पीएचक्यू-९. प्रश्न नऊ, आणि सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोपेचं काय, थकवा, भूक, स्वतःला दोष देणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा नुसती तगमग होणं, आणि नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा. 'अजिबात नाही' याला शून्य, 'काही दिवस' याला १, 'निम्म्याहून जास्त दिवस' याला २, 'जवळजवळ रोज' याला ३.

वर उल्लेख केलेल्या बाईचं उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक आहे, तिला वहिनी म्हणू. रस नाही ३, उदासी २, झोप ३, थकवा ३, भूक २, स्वतःला दोष २, लक्ष १, मंदपणा १, शेवटच्या प्रश्नाला शून्य. बेरीज १७. पाचच्या आत असेल तर काळजीचं कारण नाही. १० च्या पुढे गेलं की डॉक्टरांनी नीट चौकशी करावी. १५ ते १९ म्हणजे आजार बराच चढलेला.

आता तिने दवाखान्यात काय सांगितलं होतं ते आठवा. डोकं आणि हातपाय! 'उदास' हा शब्द तिच्या तोंडून आलाच नव्हता. प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न शरीराचेच आहेत, आणि आपल्याकडचे बहुतेक रुग्ण मनाचं दुखणं शरीराच्या भाषेतच दवाखान्यात नेतात. डॉक्टर रक्त तपासतात, रक्त चांगलं निघतं, आणि बाई टॉनिकची बाटली घेऊन घरी येते.

यूपीएससीच्या मुलाने विचारलेल्या आळसाबद्दलही इथेच सांगतो. आळशी माणसाला काम नको असतं, पण सिनेमा हवा असतो, मित्र हवे असतात, झोप गोड लागते. नैराश्यात कामाबरोबर सिनेमाही नकोसा होतो. हा फरक मुलांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवा. स्वतःला आळशी म्हणत म्हणत ती अभ्यासाचे तास वाढवतात आणि आणखी खचतात.

२. कुफुंगिसिसा

"हे सगळं परदेशी खूळ आहे. आपल्या आज्यांना कुठे डिप्रेशन होतं?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ऐकून आश्चर्य वाटेल, पण तरुणपणी विक्रम पटेलांचंही मत बरंचसं असंच होतं.

पटेल मुंबईचे. वैद्यकीय शिक्षण मुंबईत झालं, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले आणि लंडनमध्ये मानसोपचार शिकले. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे संशोधनासाठी पोहोचले. गरीब देशांतल्या माणसांच्या दुःखाची मुळं गरिबीत आणि अन्यायात असतात, त्यावर युरोपातल्या आजाराचं लेबल चिकटवणं चूक, असं त्यांना वाटत होतं. मग ते तिथल्या पारंपरिक वैदूंशी, परिचारिकांशी आणि रुग्णांशी बोलत बसले. शोना भाषेत त्यांना एक शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला: कुफुंगिसिसा. अर्थ, अति विचार करणं. कुफुंगिसिसा झालेल्या माणसाची झोप जाते, छातीत धडधडतं, अंगात त्राण राहत नाही, कशात मन रमत नाही. वैदू वर्णन करत होते त्या दुखण्यात आणि लंडनच्या पुस्तकातल्या नैराश्यात विलक्षण साम्य होतं. पटेलांनी मत बदललं. दुःखाचं कारण गरिबी असू शकतं, तरीही आजार हा आजारच असतो आणि त्यावर उपचार मिळण्याचा हक्क गरिबालाही असतो, या जागेवरून त्यांचं पुढचं सगळं काम सुरू झालं.

खरं तर हे दुखणं जुनंच असल्याचा दाखला करोल बागेतच उभा आहे. हकीम अजमल खानांनी उभारलेलं आयुर्वेद आणि युनानीचं तिब्बिया कॉलेज इथलंच. १९२१ मध्ये गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. युनानी वैद्यकात 'मालीखोलिया' नावाचा विकार शतकानुशतकं शिकवला जातो. हे नाव ग्रीकांच्या 'मेलँकोलिया'चं अरबी रूप, आणि लक्षणांत उदासी आणि भीती. चरकसंहितेत रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिलं स्थान दिलेलं आहे. नावं बदलत गेली, पण आज्यांना हे दुखणं होतंच. त्यांना कोणी विचारलं नाही, एवढंच.

३. एका डॉक्टरमागे पाच हजार

थोडं गणित करू. एका मोठ्या अभ्यासानुसार २०१७ मध्ये भारतात नैराश्याच्या विकारांचे सुमारे ४ कोटी ५७ लाख रुग्ण होते. साधारण त्याच सुमाराच्या एका अंदाजाप्रमाणे देशातले मानसोपचारतज्ज्ञ ९,००० च्या आसपास, म्हणजे लाख लोकांमागे एकसुद्धा पुरा नाही. भागाकार केला तर एकेका डॉक्टरच्या वाट्याला पाच हजारांवर रुग्ण येतात.

आता प्रत्येक रुग्णाला अर्ध्या अर्ध्या तासाच्या सहा बैठकी द्यायच्या ठरवल्या तर एका रुग्णाला तीन तास लागतील. पाच हजारांना पंधरा हजार तास. रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता बसलं तरी पाच वर्षांहून जास्त. तोवर नवे रुग्ण येणं थांबणार नाही. शिवाय हे डॉक्टर बहुतेक शहरांतच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरातल्या ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं, त्यात नवल ते काय?

पटेल १९९६ मध्ये गोव्यात आले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी 'संगथ' ही संस्था काढली. कोंकणीतला सोबतीचा शब्द, आपल्या 'सांगाती'च्या कुळातला. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: बाळंतपणं, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या ही कामं खेड्यातल्या प्रशिक्षित बाया करतात, तर नैराश्यावरचा उपचार डॉक्टर नसलेल्या माणसाला शिकवता येईल का?

४. कसोटीचा दगड

'येईल' असं नुसतं म्हणून भागत नाही, कस लावावा लागतो. करोल बागेतल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावायला नकोच. सोन्याचा कस पाहताना सराफ काळ्या दगडावर नुसती एक रेघ ओढत नाही. शेजारी माहीत असलेल्या सोन्याची दुसरी रेघ ओढतो, दोन्हींवर तेजाब लावतो आणि मग तुलना करतो. औषधाचं तसंच आहे. नैराश्य कित्येकदा आपोआपही ओसरतं. म्हणून 'उपचार केला आणि बरं वाटलं' ही झाली एकच रेघ. उपचार न केलेला किंवा वेगळा उपचार केलेला तसलाच गट शेजारी हवा. कोणी कुठल्या गटात जायचं तेही चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे वशिला किंवा आवडनिवड शिरत नाही.

संगथच्या मंडळींचा पहिला मोठा कस लागला तो त्यांच्या आशेला तडा देणारा. गोव्यातल्या दोन जिल्हा रुग्णालयांतल्या ४५० रुग्णांचे तीन गट केले. एकाला नैराश्यावरची खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, तिसऱ्याला बोलण्याचा उपचार. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन महिन्यांनंतर खरी गोळी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली होती. बोलण्याचा उपचार मात्र खोट्या गोळीपेक्षा काहीच जास्त करू शकला नव्हता. बरेच रुग्ण बैठकींना पुरेसे आलेच नव्हते.

मला या संशोधकांबद्दल आदर वाटतो तो इथे. ज्या कल्पनेवर संस्था उभी केली तीच पहिल्या कसोटीवर फिकी पडली, आणि त्यांनी ते जगासमोर छापलं. मग रुग्णालाच दर वेळी दवाखान्यात बोलवायचं का, किती बैठकी, कुठली भाषा, हे सगळं त्यांनी पुन्हा मुळापासून तपासायला घेतलं. पटेलांचं 'जिथे मानसोपचारतज्ज्ञ नाही' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तकही त्याच वर्षीचं, आरोग्यसेवकांसाठी साध्या भाषेत लिहिलेलं.

पुढचा प्रयोग 'मानस'. बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी एक प्रशिक्षित समुपदेशक नेमली. ती मनोविकारतज्ज्ञ नव्हती, साधी शिकलेली बाई होती. उपचार पायऱ्यांनी चढायचा. पहिली पायरी सर्वांसाठी: तुम्हाला काय होतंय, झोप कशी सुधारायची, श्वासाचा व्यायाम कसा करायचा. तेवढ्याने भागलं नाही तर गोळी किंवा ठरावीक पद्धतीच्या बैठकी. त्यानेही नाही तर भेटीला येणारे मानसोपचारतज्ज्ञ. समुपदेशक रुग्णाशी 'टेन्शन', 'चिंता' अशाच शब्दांत बोलत. मानसिक आजाराचा शिक्का बसेल या धास्तीनेच बरेच लोक दारातून परत फिरतात, हे त्यांना ठाऊक होतं.

२,७९६ जण सहभागी झाले, २०१० मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना आजार असल्याचं तपासून पक्कं झालं होतं, त्यांच्यापैकी सरकारी केंद्रांत नेहमीच्या उपचारांनी सहा महिन्यांत शंभरात ४२.५ जण बरे झाले, समुपदेशक असलेल्या केंद्रांत ६५.९. खासगी दवाखान्यांत मात्र फरकच दिसला नाही. कारण तिथे नेहमीच्या उपचारांनीही जवळजवळ तेवढेच लोक बरे होत होते. माझ्या मते यात एक मोठी गोष्ट दडली आहे. ज्या डॉक्टरला तुमची सासू, मुलं, कर्ज सगळं माहीत असतं, तो पाच मिनिटं विचारपूस करतो तेव्हा नकळत तोही उपचारच करत असतो. सरकारी केंद्रातल्या रांगेत ती पाच मिनिटं कुठून आणायची? समुपदेशकाने ती आणून दिली.

५. हातपंपात आधी पाणी ओतावं लागतं

पण बैठकीत नक्की करायचं काय? मैत्रिणीशी मारलेल्या गप्पा आणि उपचार यांत फरक पडतो तो इथे.

नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी फिरायला जाणं सुटतं, मग फोन उचलणं, मग केस विंचरणं. त्याला वाटतं, बरं वाटलं की पुन्हा सुरू करू. पण बरं वाटायला जी गोष्ट लागते ती त्याने सोडलेल्या गोष्टींतच असते. बाजारात कोणी ओळखीचं हसतं, भाजी चांगली जमते, एखादं काम पुरं होतं. हे सगळं बंद झालं की मन आणखी खाली जातं, आणि माणूस आणखी काहीतरी सोडतो.

गावाकडचा हातपंप आठवा. बरेच दिवस न वापरलेला पंप कितीही दांडा मारा, कोरडाच खडखडतो. आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, मग तो खालचं पाणी ओढू लागतो. उत्साह येण्याची वाट पाहायची नाही. आधी कृती ओतायची, उत्साह मागून येतो. या पद्धतीला इंग्रजीत बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. आपण कृतीतून उभारी म्हणू. अमेरिकेत पीटर लेविनसन यांनी १९७० च्या दशकात तिची मांडणी केली. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विचार बदलण्याच्या लांबलचक उपचारातला हा एवढा भाग वेगळा काढून दिला तरी रुग्णांना तेवढाच गुण येतो. हा भाग शिकायला सोपा आहे. पटेलांच्या चमूने नेमका तोच उचलला.

आपल्या वहिनींना ही पद्धत कशी लागू होईल ते पाहू. समुपदेशक घरी येते. पहिल्या भेटीत सल्ला काहीच नाही. "वहिनी, एक आठवडा फक्त लिहून ठेवा. कुठल्या वेळी काय केलं, आणि तेव्हा मन कसं होतं, शून्य ते दहा." आठवड्याने कागद येतो. सकाळी सहाला डबे, मन ३. दहा ते तीन पडून, मन २. चारला पडून, २. रोज जवळजवळ असंच. पण गुरुवारी चार वाजता ४ लिहिलंय, आणि शनिवारी ५.

"गुरुवारी चार कसे झाले?"

"गुरुवारी होय? मुलीनं ओढून खाली भाजीला नेलं. कोपऱ्यावर विट्याकडच्या एक काकू भेटल्या."

"आणि शनिवारी?"

"आटपाडीला आईला फोन केला होता."

वहिनींना वाटत होतं, सगळे दिवस सारखेच वाईट. कागद सांगतोय की तसं नाही. मग ठरतं: रोज चार वाजता खाली उतरायचं. 'वाटलं तर' नाही, घड्याळात चार वाजले की. दहाच मिनिटं. आणि एक दिवसाआड आईला फोन. पुढच्या भेटीत कळतं, सातांपैकी तीनच दिवस जमलं. समुपदेशक रागावत नाही, अडचण विचारते. तीन मजल्यांचा जिना, आणि खाली कोणी विचारलं 'वहिनी, कुठे होता इतके दिवस' तर काय सांगायचं? मग उत्तर आधीच ठरवून ठेवतात: "अंगात कसर होती, आता बरं आहे." मुलीला बरोबर न्यायचं. भट्टीवरून घरी आल्यावर नवऱ्याने 'अजून झोपलीस का' असं न म्हणता 'आज खाली गेली होतीस का' असं विचारायचं, हेही ठरतं. म्हणून एका भेटीत त्यांनाही बसवून घेतात. चौथ्या आठवड्यात धूळ खात पडलेलं शिलाई मशीन उघडलं जातं.

यात कुठे मोठं तत्त्वज्ञान नाही. पण मैत्रीण हे करत नाही. मैत्रीण प्रेमाने म्हणते, "विचार करू नकोस गं." विचार न करणं हातात असतं तर वहिनींनी कधीच केला नसता. समुपदेशक कागद मागते, गृहपाठ तपासते, पुढच्या आठवड्याला पुन्हा येते. आणि तिचंही काम तपासलं जातं. गोव्यात बैठकींचं ध्वनिमुद्रण करत आणि समुपदेशक गटाने बसून ते ऐकत, एकमेकींना गुण देत.

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत या उपचाराचा कस लागला. पीएचक्यू-९ वर १५ किंवा त्याहून जास्त गुण असलेले, म्हणजे वहिनींसारखे, ४९५ रुग्ण घेतले. तुलनेच्या गटालाही वाऱ्यावर सोडलं नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांना आजाराची कल्पना आणि उपचारांचं मार्गदर्शन दिलं होतं. दुसऱ्या गटाला त्यावर सहा ते आठ बैठकी, अर्ध्या-पाऊण तासाच्या, बऱ्याचशा घरीच. तीन महिन्यांनी तुलनेच्या गटातले शंभरात ३९ जण दहाच्या खाली उतरले होते, बैठकींच्या गटातले ६४. फरक पंचविसाचा, म्हणजे चार जणांना बैठकी दिल्या की त्यांतला एक जण केवळ बैठकींमुळे बरा झाला. वैद्यकात हा आकडा फार चांगला समजतात. वर्षभराने पाहिलं तेव्हा प्रमाण ४८ विरुद्ध ६३ होतं. म्हणजे परिणाम टिकला होता, जरी तुलनेचा गटही हळूहळू वर आला होता. बायकांना नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीचं प्रमाणही बैठकींच्या गटात कमी आढळलं. तीन महिन्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले.

तर 'नुसतं बोलून' या शंकेचं उत्तर असं. नुसतं बोलून फारसं होत नाही. बोलण्यातून ठरलेली छोटी कृती, ती झाली की नाही याची चौकशी, आणि पुन्हा पुढची कृती, यातून होतं.

हरारेतही कुफुंगिसिसाच्या वाटेने असाच एक धागा पुढे गेला. डॉ. डिक्सन चिबांदा यांनी दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाकं टाकली आणि तिथे प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी आज्यांशी बोललेल्यांपैकी शंभरात सुमारे १४ जणांना लक्षणं उरली होती, तुलनेच्या गटात सुमारे ५० जणांना.

६. मग गोळ्या नकोत का?

असा अर्थ मुळीच काढू नका. २००३ मध्ये गोळीनेच बाजी मारली होती. नैराश्यावरच्या गोळ्यांचा शोध १९५० च्या दशकातला. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर रोलंड कून वेगळ्याच मानसिक आजारासाठी इमिप्रामिन वापरून पाहत होते, तेव्हा नैराश्याच्या रुग्णांना गुण येताना दिसला. आज वापरल्या जाणाऱ्या गोळ्या बऱ्याच सुसह्य आहेत. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र करून २१ औषधं तपासली गेली, आणि सगळीच खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. मात्र सरासरी फरक बेताचा होता.

'मेंदूत सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य येतं' हे जे सर्रास सांगतात, ते इतकं सरळ सिद्ध झालेलं नाही. हळद लावून जखम भरली म्हणून अंगात हळद कमी पडली होती असं ठरत नाही. गोळी उपयोगी पडते, पण आजाराचं मूळ त्याहून गुंतागुंतीचं आहे.

व्यवहारात लक्षात ठेवायचं ते असं. गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे 'आठ दिवस घेतली, काही झालं नाही' म्हणून सोडू नये. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवावी आणि बंद करायची तीही त्यांच्या सल्ल्याने हळूहळू. आजार तीव्र असेल, खाणंपिणं सुटलं असेल, भ्रम होत असतील, तर बैठकींच्या भरवशावर राहूच नये. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. गोव्यातल्या योजनांतही वरच्या पायरीवर तो होताच.

७. अमरावतीची तीस गावं

महाराष्ट्रात हे काम विदर्भात पोहोचलं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत डॉ. राहुल शिधये, पटेल आणि सहकाऱ्यांनी 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या भागाचं नाव देशभर झालं, तिथे गावातल्याच आरोग्यसेविका घरोघर जाऊन ताणाबद्दल बोलू लागल्या. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कुठलेही उपचार घेत होते. दीड वर्षानंतर २७. नैराश्याचं प्रमाणही १४.६ टक्क्यांवरून ११.३ वर आलं. इथे कसोटीच्या दगडावर दुसरी रेघ नव्हती, तुलनेची गावं नव्हती. त्यामुळे प्रमाण उतरलं त्यात पावसाचा, पिकाचा हात किती आणि कार्यक्रमाचा किती, हे ठामपणे म्हणता येत नाही. पण चारचे २७ झाले, ते बायांनी दारं ठोठावली म्हणूनच, असं मला वाटतं.

८. पुन्हा दिल्लीत

पटेलांच्या चमूने दिल्लीतही काम केलं, तेही शाळांत. सहा सरकारी शाळांतली २५० मुलं-मुली. मानसोपचाराची पदवी नसलेले प्रशिक्षित समुपदेशक शाळेतच त्यांना थोडा थोडा वेळ भेटत आणि तीन पायऱ्या शिकवत: अडचण नेमकी काय, पर्याय कोणते, त्यांतला एक करून पाहा. तुलनेच्या गटाला त्याच पायऱ्यांच्या फक्त पुस्तिका दिल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा जाच समुपदेशकांच्या गटात जास्त उतरला. लक्षणांच्या मोजणीत मात्र सहा आठवड्यांत दोन्ही गटांत खास फरक दिसला नाही. शाळकरी मुलांच्या बाबतीत अजून बरंच शोधायचं आहे.

जुन्या राजेंद्र नगरच्या खोलीतला मुलगा शाळकरी नाही, पण या तीन पायऱ्या त्यालाही लागू पडतात. 'माझं आयुष्य वाया गेलं' ही अडचण सोडवता येत नाही. 'दुपारी दोन ते पाच वाचनालयात काहीच होत नाही आणि घरी सांगायची भीती वाटते' ही येते. भीती कुणाला सांगायची, बाबांना की ताईला? आधी ताईला. कधी? रविवारी दुपारी, फोनवर. काय म्हणायचं? तेही कागदावर लिहून ठेवायचं.

आणि प्रश्नावलीतला नववा प्रश्न. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बाकीची बेरीज कितीही येवो, थांबायचं नाही. त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरकडे जायचं. समोर असं कोणी बोललं तर 'असं अभद्र बोलू नकोस' म्हणून गप्प करायचं नाही, सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तो आधीच तिथे असतो, विचारल्याने तो वाटून घेता येतो. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. मध्यरात्र असेल, कोणी सापडत नसेल, तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत. फोन लागला की भाषा निवडता येते, आणि त्यात मराठी आहे.